रक्तगट एकच निघाला म्हणून स्थळ मोडलं. यात खरंच काही तथ्य आहे का?

तिखटमीठ

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, आणि तोही डोकं तापलंय म्हणून.

माझ्या भाचीचं (बहिणीची मुलगी, वय २७) लग्न जवळजवळ ठरलं होतं. पत्रिका जुळली, अठ्ठावीस गुण. दोघं दोनदा बाहेर भेटले, एकमेकांना पसंत पडले. सुपारी फोडायची तारीख काढायची तेवढी राहिली होती. परवा मध्यस्थ काकांचा फोन आला, "जरा अडचण आहे." अडचण काय, तर मुलाचा रक्तगट बी पॉझिटिव्ह आणि आमच्या मुलीचाही बी पॉझिटिव्ह. त्यांच्या घरच्या आजींचं म्हणणं, गट एक म्हणजे रक्त एक, रक्त एक म्हणजे नात्याने बहीण-भाऊच झाले, मुलं अधू होतात. त्यांच्या ओळखीतल्या कुठल्याशा डॉक्टरांनीही "टाळलेलं बरं" असं सांगितलं म्हणे. झालं, मोडलं.

माझी बहीण आता मुलीवरच चिडलीय, "बायोडेटात रक्तगट लिहायची काय गरज होती?" म्हणून. भाची दोन दिवस कुणाशी बोलत नाहीये. तर जाणकारांनी सांगा, यात खरंच काही आहे का? आणि नसेल तर हे खूळ आलं कुठून?

कट्टेकरी

मी ओ पॉझिटिव्ह, बायको ओ पॉझिटिव्ह, दोन्ही कार्टी ओ पॉझिटिव्ह. घरात त्रास भरपूर आहे, पण तो रक्तगटाचा नाही.

पावशेर

जरा हिशोब करू. आपल्याकडे ओ आणि बी हे दोन गट सगळ्यात जास्त. ढोबळमानाने प्रत्येकी एक तृतीयांश लोक धरा, ए पाव हिस्सा, उरलेले एबी. रक्तगट न बघता लग्नं लावली तर दोघांचा गट एकच निघण्याची शक्यता: १/९ + १/९ + १/१६, म्हणजे शंभरातली पंचवीस ते तीस जोडपी. आपल्या आजी-पणजीच्या काळी रक्तगट बघणं सोडा, कुणाला माहीतही नव्हतं. आजींचं म्हणणं खरं असतं तर गावात दर चौथ्या घरात अधू मूल दिसलं असतं.

लॅबवाली

रक्तपेढीत सतरा वर्षं काम करतेय. हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी खिडकीशी येतोच. बहुतेक वेळा मुलीची आई येते, हळू आवाजात विचारते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रक्तगट म्हणजे तुमच्या लाल पेशीवर कुठली साखर चिकटली आहे, एवढंच. ए वाल्यांवर एक, बी वाल्यांवर दुसरी, एबी वाल्यांवर दोन्ही, ओ वाल्यांवर दोन्ही नाहीत. ही साखर चिकटवणारं जनुक नवव्या गुणसूत्रावर असतं. आपल्याकडे दर गुणसूत्राच्या दोन प्रती, एक आईकडून, एक वडिलांकडून. त्यामुळे या जनुकाच्याही दोन प्रती. ए आणि बी दोन्ही मिळाले तर दोन्ही दिसतात, एबी होतो. ओ म्हणजे बिघडलेली प्रत, ती काही चिकटवत नाही, त्यामुळे दुसरी प्रत ए असली तर माणूस ए दिसतो, बी असली तर बी.

म्हणजे तिखटमीठ ताईंची भाची बी आहे, पण ती बी-बी आहे की बी-ओ हे साध्या तपासणीत कळत नाही. तो मुलगा आणि ती दोघंही बी-ओ असली तर त्यांच्या चारातल्या एका मुलाचा गट ओ येऊ शकतो. बास. याहून भयंकर काही होत नाही. एका जनुकाची एक आवृत्ती सारखी असणं म्हणजे नातं नव्हे. माणसाची सुमारे वीस हजार जनुकं, त्यातलं हे एक. दोघांचं आडनाव कुलकर्णी असलं म्हणजे ते भाऊ होत नाहीत, तसंच.

उलट गट एकच असण्याचा थोडा फायदाच. आई ओ आणि बाळ ए किंवा बी असलं की कधीकधी बाळाला जन्मानंतर कावीळ होते, बहुतेकदा सौम्य असते. दोघं एकाच गटाची असली तर ती कटकटही नाही.

खूळ कुठून आलं, तर माझ्या मते आरएच वरून, म्हणजे गटापुढे लागतं त्या पॉझिटिव्ह-निगेटिव्हवरून. आई निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असले आणि बाळ पॉझिटिव्ह झालं, तर बाळाच्या पेशी आईच्या रक्तात गेल्यावर आईचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. पहिलं बाळ सहसा सुटतं, दुसऱ्याला धोका. एके काळी यात खरंच बाळं दगावायची. पण १९६० च्या दशकाच्या शेवटी अँटी-डी इंजेक्शन आलं. साधारण अठ्ठाविसाव्या आठवड्यात एक, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत एक. संपला विषय. आणि गंमत बघा, इथे अडचण गट *वेगळा* असल्याची आहे. लोकांनी नेमकं उलटं धरलंय!

तिखटमीठ

लॅबवाली, खूप खूप आभार. हे सगळं बहिणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्या आजींना कोण वाचून दाखवणार?"

निशिगंध

वाचतेय. जरा अवांतर होईल, पण विचारून टाकते. माझा गट ए, नवऱ्याचा बी, आणि लेकीचा ओ. तिचा गट शाळेच्या कार्डावर पाहून सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आमच्यात कुणाचाच ओ नाही." पुढे काही बोलल्या नाहीत. पण ते वाक्य नऊ वर्षं झाली, अजून घरात फिरतंय.

लॅबवाली

निशिगंध, तुम्ही ए-ओ, ते बी-ओ. तुमच्याकडून ओ, त्यांच्याकडून ओ. अशा जोडप्याला ए, बी, एबी, ओ चारही गटांची मुलं होऊ शकतात, प्रत्येकाची शक्यता पाव. आणि सासूबाईंच्या घरात ओ "दिसत" नव्हता, पण होता. तुमच्या नवऱ्याला तो सासूबाईंकडून किंवा सासऱ्यांकडूनच मिळालाय, दुसरीकडून येणार कुठून? हे त्यांना अवश्य सांगा. :)

याच विषयावर मुंबईकरांना अभिमान वाटेल अशी एक गोष्ट. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे रुग्ण सापडले, ज्यांचं रक्त ओ सारखं दिसायचं पण त्यांना ओ रक्तही चालेना. नंतर उलगडा झाला तो असा. ए आणि बी या साखरा थेट पेशीवर चिकटत नाहीत, त्याखाली एच नावाचा पाया लागतो. हा पाया घालणारं जनुक वेगळंच, एकोणिसाव्या गुणसूत्रावर. त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तर पायाच नाही, मग भिंत कुठे बांधणार? माणसाकडे बी चं जनुक धडधाकट असतं पण बाहेरून दिसतं ओ. जगभरच्या पुस्तकांत याला 'बॉम्बे' रक्तगट म्हणतात. भारतात साधारण दहा हजारांत एक असा माणूस. त्याला फक्त दुसऱ्या बॉम्बेवाल्याचंच रक्त चालतं. दाता शोधायला रात्री-अपरात्री फोन फिरवावे लागतात, ते मी केलंय.

अशी "ओ" दिसणारी आई आणि ओ गटाचा बाप यांना बी गटाचं मूल होऊ शकतं. म्हणून रक्तगटावरून कुणाच्या बायकोच्या चारित्र्यावर बोलायच्या आधी दहादा विचार करावा.

निशिगंध

हात जोडले. आज रात्री जेवताना विषय काढते.

छडीवाले_गुरुजी

निवृत्त विज्ञान शिक्षक. धाग्यात वाटाण्याचा उल्लेख अजून कसा आला नाही याचं नवल वाटलं!

मेंडेल म्हणजे आनुवंशिकतेचे नियम शोधणारा, ब्रनोच्या मठातला पाद्री. आता ते गाव चेक प्रजासत्ताकात आहे. १८५६ पासून सात-आठ वर्षं वाटाण्याची हजारो झाडं लावली. वर्गात मी हे शिकवताना दोन वाट्या घेऊन जायचो. एका वाटीत मिसळीला लागतो तो पांढरा सुका वाटाणा. गोल, गुळगुळीत, टेबलावर टाकला की घरंगळतो. दुसऱ्या वाटीत बागेतला गोड मटार, वेलीवरच वाळवलेला. तो सुकला की सुरकुततो, म्हाताऱ्याच्या गालासारखा. पोरांना दोन्ही हातात घेऊन बघू द्यायचो. मेंडेलचा "गोल आणि सुरकुतलेला" तो हाच.

सुरकुत्या का पडतात याचं उत्तर मेंडेलला माहीत नव्हतं, शंभराहून जास्त वर्षांनी मिळालं. सुरकुतलेल्या दाण्यात पिष्टाला (स्टार्चला) फांद्या फोडणारं विकर (एन्झाइम) तयार करणारं जनुक मोडलेलं असतं. त्यामुळे पिष्ट कमी होतं, साखर शिल्लक राहते, साखर पाणी ओढून घेते, दाणा फुगतो, आणि वाळला की सालीला वळ्या पडतात. गोड मटार गोड का लागतो तेही यातच आलं. एक जनुक मोडलं आणि चव, आकार दोन्ही बदललं.

आता दोन्ही प्रती मोडल्या तरच दाणा सुरकुततो. एक जरी चांगली असली तरी काम भागतं, दाणा गोलच. म्हणून गोल आणि सुरकुतलेला यांचा संकर केला की पहिल्या पिढीत सगळे गोल, आणि त्यांचं आपसात परागीभवन केलं की पुढच्या पिढीत सुरकुतलेला परत डोकं वर काढतो. मेंडेलने मोजले ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले. भागून बघा, तिनास एक. लॅबवाली यांनी सांगितलेला ओ गटही असाच, मोडलेली प्रत.

हे त्याने १८६५ मध्ये वाचून दाखवलं, पुढल्या वर्षी छापलं, आणि त्यानंतर ३४ वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही. १९०० मध्ये तीन जणांना ते पुन्हा सापडलं, तोवर तो जाऊन १६ वर्षं झाली होती.

कट्टेकरी

गुरुजी, आता मिसळ खाताना मेंडेल आठवणार. तर्रीची मजा गेली.

तर्रीपोहे

तर्रीचं नाव निघालं म्हणून नागपूरवाला धावत आला. :) पण मला जे सांगायचं आहे ते हसण्यासारखं नाही.

तुम्ही लोक रक्तगटावर बोलून राहिले. आमच्याकडे विदर्भात रक्तातली दुसरीच गोष्ट बघायला पाहिजे आणि तीच कोणी बघत नाही. सिकलसेल, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, मेळघाट, तिकडे सातपुड्यात नंदुरबार, सगळीकडे आहे.

आमच्या मोठ्या बाबाला दोन पोरं झाले. मोठा तीन वर्षांचा असताना हाताची बोटं सुजायची, रात्रभर रडायचा. थंडीत गुडघे धरायचे. गावात सांगायचे वात आहे, कोणी सांगायचं बाहेरचं आहे. अंगारे झाले, तेल झालं. सिकलसेल आहे हे कळेपर्यंत पोरगा सात वर्षांचा झाला. मग मोठे बाबा आणि मोठी आई दोघांची तपासणी झाली. दोघंही वाहक, म्हणजे जनुकाची एक प्रत मोडकी, दुसरी चांगली. दोघांनाही आयुष्यात कधी काही त्रास नाही, वावरात दिवसभर राबणारे माणसं.

तेव्हा कोणी तरी त्यांना समजावलं की चारातल्या एकाला होतं. मोठ्या बाबानं त्याचा अर्थ असा लावला की एकाला झालं, म्हणजे आता पुढचे तीन सुटले. दुसरा पोरगा झाला. त्यालाही तेच. मोठे बाबा त्या सांगणाऱ्याला शिव्या देत फिरायचे, "खोटं बोलला तो माणूस" म्हणून. तो खोटं नव्हता बोलला. पण पावशक्यता म्हणजे काय हे त्याला सांगताच नाही आलं.

छडीवाले_गुरुजी

तर्रीपोहे, वाचून गप्प बसलो. मीसुद्धा फळ्यावर चार चौकोन काढून तेच शिकवत आलो. चार चौकोन बघून पोरांना वाटतं चार मुलं. तसं नाही. दर गर्भधारणेला फासा नव्याने पडतो, आधी काय पडलं ते फाशाच्या लक्षात राहत नाही. चारही मुलं निरोगी निघू शकतात, चारही आजारी निघू शकतात.

लॅबवाली

सिकलसेलबद्दल थोडी भर घालते. अकराव्या गुणसूत्रावरच्या हिमोग्लोबिनच्या जनुकात एका अक्षराचा बदल, त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल वेगळं येतं. एवढंच. पण ऑक्सिजन कमी झाला की हिमोग्लोबिनच्या काड्या होतात, पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. त्या मुलाची बोटं सुजायची ती यामुळे.

वाहकात एक प्रत चांगली असल्याने त्रास नसतो. शिवाय वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, म्हणून तर जिथे पिढ्यानपिढ्या मलेरिया होता तिथे हे जनुक टिकून राहिलं. आफ्रिकेत १९५४ मध्ये ते दाखवलं गेलं. असा तर्क त्याआधी थॅलेसेमियाच्या (हिमोग्लोबिन कमी बनण्याचा आनुवंशिक आजार) बाबतीत शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी मांडला होता. (अवांतर: हे गृहस्थ १९५७ मध्ये भारतात आले, इथलं नागरिकत्व घेतलं, आणि भुवनेश्वरला वारले.)

शिबिरात होते ती सॉल्युबिलिटी टेस्ट. परीक्षानळीत रक्ताचा थेंब टाकायचा, नळीमागे रेघा ओढलेला कागद धरायचा. रेघा दिसल्या तर ठीक, गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर सिकल आहे. पण वाहक की रुग्ण हे यात कळत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी, म्हणजे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, करावीच लागते. १ जुलै २०२३ ला केंद्राने सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली आहे, चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं उद्दिष्ट आहे. गावात शिबिर आलं तर चुकवू नका.

उनाडपक्षी

मी पुण्याची, सिकलसेलशी संबंध नाही असं वाटून हा भाग नुसता चाळणार होते. मग "वाहक" शब्दाशी थांबले. कारण मी वाहक आहे, थॅलेसेमियाची.

शाळेपासून मला "रक्त कमी आहे" हे बिरूद लागलेलं. हिमोग्लोबिन साडेदहा-अकरा. बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे, लोखंडी कढईतली पालेभाजी, लोहाच्या गोळ्या. त्या गोळ्यांनी पोट बिघडायचं, हिमोग्लोबिन हलायचं नाही. आई म्हणायची, तू गोळ्या फेकून देतेस. बीट इतकं खाल्लंय की आज कोशिंबिरीचा वास आला तरी उठून जाते.

लग्नानंतर पाच महिन्यांनी दुसऱ्या एका डॉक्टर बाईंनी माझा जुनाच रिपोर्ट हातात घेतला. हिमोग्लोबिन बघितलंच नाही. खालच्या ओळीवर पेन ठेवलं. एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) ६३. आरबीसी (लाल पेशींची संख्या) ५.९. म्हणाल्या, "पेशी इतक्या छोट्या, आणि संख्येने इतक्या जास्त? लोह कमी असतं तर पेशी कमीही पडल्या असत्या." कागदाच्या कोपऱ्यात ६३ भागिले ५.९ केलं, उत्तर १०.७. तेराच्या खाली आलं की थॅलेसेमियाचा संशय घ्यायचा म्हणे. एचपीएलसी केली, एचबीए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) ५.४ आलं. साडेतीनच्या आत असायला हवं.

त्या आठवड्यात नवऱ्याची तपासणी झाली. रिपोर्ट यायचे दोन दिवस आम्ही एकमेकांशी हवापाण्याच्या गप्पा मारत होतो. त्याचं सगळं नॉर्मल निघालं. मुलगा आता सहा वर्षांचा आहे, तोही माझ्यासारखा वाहक. त्याला बीट खायला घालत नाही.

तिखटमीठ

उनाडपक्षी, अंगावर काटा आला. म्हणजे दोघंही वाहक असती तर?

उनाडपक्षी

तर दर खेपेला पावशक्यता, थॅलेसेमिया मेजरची. म्हणजे बाळाला पहिल्या दोन वर्षांतच त्रास सुरू, आणि मग दर तीन-चार आठवड्यांनी रक्त भरायचं, जन्मभर. पण तेव्हाही सगळी दारं बंद नसतात. अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमाराला वारेचा कणभर तुकडा घेऊन बाळाला काय मिळालंय ते तपासता येतं. परळला राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था आहे, केईएमच्या आवारात, तिथे हेच काम चालतं.

तर्रीपोहे

अजून एक. एक सिकलचा वाहक आणि दुसरा थॅलेसेमियाचा, असं असलं तरी जमत नाही बरं का. दोघांकडून एकेक मोडकी प्रत आली की मुलाला सिकल-थॅलेसेमिया होतो. दोन्ही बिघाड एकाच जनुकातले. आमच्याकडे असे पेशंट आहेत. "माझं वेगळं, तुझं वेगळं, म्हणून चालेल" असं नका समजू.

वेताळटेकडी

सगळं ठीक, पण आपल्या पूर्वजांना हे माहीत होतंच. सगोत्र विवाह उगाच निषिद्ध नाही केला. गोत्र म्हणजे वाय गुणसूत्र. बापाकडून मुलाकडे जसंच्या तसं. हे मी व्हॉट्सअॅपवर नाही, एका व्याख्यानात ऐकलंय.

पावशेर

व्याख्यात्यालाही ते व्हॉट्सअॅपवरच आलं असणार.

छडीवाले_गुरुजी

वेताळटेकडी, तुमचं अर्धं बरोबर. गोत्र आणि वाय दोन्ही बापाकडून मुलाकडे जातात, हे साम्य खरं. पण तिथेच थांबा. मुलीला वाय मिळतच नाही, मग सगोत्र मुलीशी लग्न केल्याने वाय चं काय बिघडणार? शिवाय वाय वर जनुकं थोडकीच. आपण वर जे आजार बोलतोय ती जनुकं अकराव्या गुणसूत्रावर, त्यांना गोत्राची खबरही नाही.

आता हिशोब. दर पिढीला निम्मा वारसा गळतो. तुमचा आणि तुमच्या सगोत्र पण दहा पिढ्यांपूर्वी फुटलेल्या घरातल्या मुलीचा समान वाटा नगण्य. उलट मामाची मुलगी! गोत्र वेगळं, परवानगी आहे, कित्येक घरांत तर हक्कच समजतात. आणि तिचा तुमचा वारसा एक अष्टमांश समान. आजोबा-आजींकडे कुठलीशी मोडकी प्रत असली, तर ती दोघांकडेही उतरलेली असण्याची शक्यता परक्या स्थळापेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे गोत्राची चाळणी जिथे भोक हवं तिथे बंद आहे आणि जिथे बंद हवी तिथे भोक.

पूर्वजांचं काही घ्यायचंच तर सपिंडाचा, म्हणजे जवळच्या रक्ताच्या नात्यात लग्न नको हा नियम घ्या. त्यात आईच्या बाजूनेही पिढ्या मोजतात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात तो आहे, आईकडून तीन, बापाकडून पाच पिढ्या. सगोत्राला तिथे आडकाठी नाही. फक्त रूढीला सूट दिली, त्यातून मामाची मुलगी सुटली.

कट्टेकरी

माझी बायको मामाचीच मुलगी आहे. आता काय करू?

छडीवाले_गुरुजी

मुलं मोठी झाली ना? मग मामांना नमस्कार सांगा.

वेताळटेकडी

गुरुजी, मुद्दा पटला. पूर्ण नाही, पण पटला. एक विचारतो, माझे डोळे घारे, बायकोचे काळेभोर, आणि आमच्यात "घारा डोळा सुप्त असतो" असं नेहमी ऐकतो. मग एकाच मुलीचे मधासारखे का?

छडीवाले_गुरुजी

कारण डोळ्यांचा रंग वाटाण्यासारखा वागत नाही. पंधराव्या गुणसूत्रावरची एक जागा त्यात फार महत्त्वाची आहे, पण बाकी अनेक जनुकं हात घालतात. त्यामुळे मधल्या छटा. उंची, त्वचेचा रंग यांत तर शेकडो-हजारो जनुकं आणि वर खाणंपिणं.

माझीच एक चूक कबूल करतो. पंचवीस वर्षं मी वर्गात पोरांना जीभ नळीसारखी वळवायला लावली, "ज्याला जमते त्याच्याकडे प्रभावी जनुक" म्हणून. १९४० मध्ये स्टर्टेव्हंट नावाच्या मोठ्या शास्त्रज्ञाने ते मांडलं होतं खरं. पण पुढे हुबेहूब जुळ्यांत एकाला जमते आणि दुसऱ्याला नाही असं आढळलं, आणि त्यानेही ते मागे घेतलं. पुस्तकांनी नाही घेतलं. मीही नाही. एका वर्गात एक मुलगी रडवेली झाली होती, आई-बाबा दोघांना वळवता येत नव्हती आणि तिला येत होती. मी हसून टाळलं होतं. निशिगंध यांचा प्रतिसाद वाचल्यावर ती आठवली.

सांजवात

एक प्रामाणिक शंका. सगळे म्हणताय तपासणी करा. पण उद्या माझी मुलगी वाहक निघाली, तर जे लोक बी पॉझिटिव्हवरून स्थळ मोडतात ते "वाहक" ऐकून काय करतील? बायोडेटात आणखी एक डाग. मुलग्याला कोणी विचारणारही नाही.

तर्रीपोहे

बरोबर बोलल्या तुम्ही. आमच्या गावात असंच झालं. शिबिराचा रिपोर्ट आशाताईच्या हातून घरी यायच्या आधी गावभर झाला. पोरगी वाहक. तिला दोन वर्षं कोणी बघायला आलं नाही. ज्याच्याशी शेवटी लग्न झालं त्याची तपासणीच नव्हती झाली. म्हणजे तपासणीचा उपयोग झाला शून्य, बदनामी झाली पुरी.

उनाडपक्षी

म्हणून मला वाटतं, स्थळ बघताना नाही, त्याच्या कितीतरी आधी करावी. कॉलेजात, स्वतःची स्वतः. आणि वाक्य असं सांगावं: "मी वाहक आहे, समोरचा नसला तर काही प्रश्न नाही." शंभरातले तीन-चार भारतीय थॅलेसेमियाचे वाहक, सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा काही समाजांत बरेच जास्त. वाहकांशी लग्नच नको म्हटलं तर कोट्यवधी लोक बिनलग्नाचे राहतील. टाळायची किंवा निदान उघड्या डोळ्यांनी करायची ती फक्त वाहक-वाहक जोडी.

सायप्रसमध्ये थॅलेसेमियाचे वाहक सातातला एक. तिथे १९८० च्या दशकात चर्चनेच लग्नाआधी तपासणीचा दाखला मागायला सुरुवात केली. दाखल्यात रिपोर्ट काय आला ते लिहायचं नाही, तपासणी झाली आणि सल्ला मिळाला, एवढंच. बहुतेक वाहक जोडप्यांनी लग्नं मोडली नाहीत, पण मेजरची बाळं जन्माला येणं जवळजवळ थांबलं.

सांजवात

दाखल्यात निकाल लिहायचा नाही, हे आवडलं.

अटलांटिकपार

न्यू जर्सीतून. इथे गरोदरपणाच्या पहिल्याच भेटीत ही तपासणी झाली, विचारलंही नाही. मी सिकलची वाहक निघाले. मूळ गाव अमरावतीजवळ. तोवर घरात कुणी हा शब्द ऐकला नव्हता. भारतातल्या दोन्ही भावांना फोन करून सांगितलं. एकाने केली, एक अजून "बघू" म्हणतोय. तर्रीपोहे यांचा प्रतिसाद त्याला पाठवलाय.

निशिगंध

अपडेट: जेवताना विषय काढला. सासूबाई म्हणाल्या, "मग माझ्याकडून आला असेल, माझी आई ओ होती बहुतेक." आणि आमटी वाढून घेतली. नऊ वर्षं!

तिखटमीठ

धागाकर्तीचाही अपडेट. तिकडच्या आजी बधल्या नाहीत. तो मुलगा भाचीला स्वतः फोन करून "सॉरी" म्हणाला, पण घरच्यांपुढे बोलला नाही. भाची म्हणाली, मग बरंच झालं.

तिची सीबीसी (रक्तपेशींची साधी तपासणी) आणि एचपीएलसी दोन्ही करून घेतल्या. एमसीव्ही ८८, एचबीए२ २.६. नॉर्मल. हौसेने मीही करून घेतली, माझी पण नॉर्मल.

काल नवीन स्थळ आलं. मुलाचा गट ओ. बहीण खुश, "चला, वेगळा आहे!" मी म्हटलं, त्याची सीबीसी मागव. तर म्हणाली, "पत्रिका मागितली, पगाराची स्लिप मागितली, आता रक्तही मागू?" मी म्हटलं, हो. गेला अर्धा तास फोन हातात घेऊन बसलीय. मेसेज कसा लिहावा ते सुचत नाहीये तिला. कुणाकडे चांगला मसुदा असेल तर इथेच टाका.